फ्लॉरेन्सची कोल्हापुरी छत्री आणि इटलीचा नाताळ

वाचकहो, युरोपचा नकाशा समोर घ्या. खाली समुद्रात पाय सोडल्यासारखा, गुडघ्यापर्यंतच्या बुटाच्या आकाराचा एक देश दिसेल. तो इटली. या देशाच्या मध्यावर आर्नो नावाच्या नदीकाठी फ्लॉरेन्स हे जुने शहर आहे. शहराच्या पश्चिम अंगाला नदीच्या कडेकडेने कासीने नावाचे लांबच लांब उद्यान पसरले आहे. त्या उद्यानाच्या अगदी टोकाला, जिथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते, तिथे आपल्या धर्तीची एक छत्री उभी आहे. चार बाजूंना कमानी, वर घुमट आणि आत एका तरुणाचा अर्धपुतळा. हा तरुण कोणी परका नव्हे. ते आपल्या कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

राजर्षी शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज ते वेगळे. हे शाहू महाराजांच्याही आधीचे. १८६६ साली ते गादीवर आले आणि १८७० साली विलायतेच्या प्रवासाला निघाले. लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, कारखाने, शाळा, इस्पितळे पाहून झाली. प्रवासात ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत असत आणि ती पुढे १८७२ साली छापून निघाली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये त्यांचे दुखणे बळावले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस.

आता अडचण आली अंत्यसंस्काराची. त्या मुलखात प्रेत पुरण्याची चाल. दहनाची रीत त्या काळी तिथे नव्हती. तरीही तिथल्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली, आणि आपल्या शास्त्राप्रमाणे दोन नद्यांच्या संगमावर महाराजांना अग्नी देण्यात आला. पंचगंगेच्या घाटावर व्हायचे ते आर्नोच्या काठी झाले. १८७४ साली त्या जागी ही छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट याचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडाही याच माणसाचा. छत्रीजवळ आर्नोवर एक मोठा पूल आहे. १९७८ साली तो खुला झाला, आणि महाराजांच्या स्मारकावरून त्यालाही ‘इंदियानो’, म्हणजे हिंदी माणसाचा पूल, असे नाव पडले आहे.

ज्या लोकांनी आपल्या राजाचा अखेरचा संस्कार आपल्या रीतीने होऊ दिला, त्या लोकांच्या स्वतःच्या रीती काय आहेत, हे कोल्हापूरच्या माणसाने जाणून घ्यायला हवे. महाराज गेले तेव्हा नाताळ तीन-साडेतीन आठवड्यांवर आला होता. तेव्हा सुरुवात नाताळापासूनच करू.

शब्द एकच

आपण ‘नाताळ’ म्हणतो. हा शब्द पोर्तुगिजांबरोबर गोवा-कोकणात आला आणि घाट चढून आपल्याकडे रुळला. इटलीतले लोक म्हणतात ‘नाताले’. दोन्हींचे मूळ एका जुन्या लॅटिन शब्दात आहे. त्याचा अर्थ जन्माचा, म्हणजे येशूच्या जन्माचा दिवस.

कोल्हापूरला नाताळ नवा नाही. अमेरिकन मिशनरी वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचे वाइल्डर मेमोरियल चर्च आजही उभे आहे. मिरजेचे मिशन हॉस्पिटल तर सगळ्या दक्षिण महाराष्ट्राच्या ओळखीचे. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, चकल्या होतात आणि शेजारीपाजारी ताटे जातात. मात्र मिशनची ही मंडळी प्रॉटेस्टंट पंथाची. इटली हा पोपचा, रोमन कॅथलिकांचा देश. तिथे संतांना मोठा मान. त्यामुळे आपल्या पंचांगात जशा तिथी, तसे त्यांच्या वर्षात संतांचे वार.

महिनाभराचा सण

इटलीतला नाताळ एका दिवसाचा नसतो. ८ डिसेंबर हा मरियेचा सण, सरकारी सुटीचा दिवस. त्या दिवशी घरोघरी झाड सजवतात आणि ‘प्रेसेपे’ मांडायला घेतात. तिथून जो सण सुरू होतो तो ६ जानेवारीला संपतो.

प्रेसेपे म्हणजे काय, ते आपल्या मुलांना चटकन कळेल. दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात, त्यावर शिवाजी महाराज बसवतात, खाली मावळे, विहीर, शेत, हळीव पेरून हिरवळ. तसाच हा देखावा. मध्ये गोठा, गोठ्यात बाळ येशू, आई मरिया, योसेफ, एक बैल आणि एक गाढव. भोवती डोंगर, मेंढपाळ, पाणी भरणाऱ्या बायका, भट्टीवाला, मासेवाला, सगळे गाव. शेवाळ आणि वाळके गवत रानातून आणायचे. बाळाची मूर्ती मात्र २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत ठेवीत नाहीत. तोवर गव्हाण रिकामी.

हा देखावा पहिल्यांदा केला तो असीसीच्या संत फ्रान्सिसने, १२२३ साली, ग्रेच्चो नावाच्या डोंगरी गावात. त्याने मूर्ती मांडल्या नाहीत. खरा बैल, खरे गाढव आणि खरे गवत आणले आणि गावच्या लोकांना सांगितले, पाहा, देव गोठ्यात जन्मला. या फ्रान्सिसचा वार ४ ऑक्टोबर. त्या दिवशी २०२६ सालापासून पुन्हा राष्ट्रीय सुटी देण्याचा कायदा इटलीच्या संसदेने केला आहे. दक्षिणेच्या नेपल्स शहरात तर मातीच्या या मूर्ती घडवणाऱ्यांची एक अख्खी गल्ली आहे. गणपतीच्या आधी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जी लगबग, तीच तिथे नाताळापूर्वी.

डिसेंबरात डोंगरातले मेंढपाळही शहरात उतरत. मेंढीच्या कातड्याचे अंगरखे, पायांना चामड्याचे पट्टे, आणि काखेत कातडी पिशवीचे मोठे वाद्य, त्याचे नाव झाम्पोन्या. घरोघरी, चौकाचौकात ते वाजवीत आणि धान्य, पैसे घेऊन परत जात. आजही काही ठिकाणी ते दिसतात. आपल्याकडचे वासुदेव किंवा पट्टणकोडोलीच्या यात्रेत ढोल वाजवणारे धनगर आठवा म्हणजे झाले.

२४ तारखेच्या रात्री मांस वर्ज्य, म्हणून माशांचे जेवण. नेपल्सकडे वाम मासा आणि खारवून वाळवलेला मासा हवाच. मध्यरात्री चर्चमध्ये प्रार्थना. २५ तारखेला दुपारी मोठी पंगत. उत्तरेच्या काही भागांत कणकेच्या लहान लहान मुरडलेल्या पुड्या करतात. आत मांस किंवा चीज भरायचे आणि कोंबडीच्या सूपात उकळायच्या. आपण अळणी काढतो ना, त्याच जातीचे हे सूप. मिलानचा मनुका घातलेला उंच गोल गोड पाव, व्हेरोनाचा साधा पाव, आणि बदाम, मध, अंड्याचा पांढरा बलक घोटून केलेली आपल्या चिक्कीसारखी वडी, हे त्यांचे फराळाचे पदार्थ. २६ तारखेलाही सुटी. ती पाहुण्यांकडे जाण्याची.

वर्ष संपताना रात्री मसूर खायचा अशी त्यांची रीत आहे. मसुराचा दाणा नाण्यासारखा गोल आणि चपटा, म्हणून जितका मसूर खाल तितका पैसा येईल अशी समजूत. अख्खा मसूर आवडीने खाणाऱ्या आपल्या भागाने एवढ्यावर लक्षाधीश व्हायला हवे होते!

चुलीतला ओंडका आणि झाडूवरची म्हातारी

ज्या फ्लॉरेन्समध्ये महाराजांची छत्री आहे, त्या तोस्काना प्रांतात जुन्या काळी नाताळच्या सणालाच ‘चेप्पो’ म्हणत. चेप्पो म्हणजे ओंडका. नाताळच्या आदल्या रात्री घरचा कर्ता पुरुष चुलीत एक मोठा ओंडका घाली. तो हळूहळू जळत ठेवायचा. त्याची राख टाकून न देता शेतात पसरायची, म्हणजे पीक चांगले येते असा विश्वास. होळीची राख कपाळी लावणाऱ्या आपल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

५ जानेवारीच्या रात्री बेफाना येते. ही एक फाटक्या कपड्यांची, झाडूवर बसून येणारी प्रेमळ म्हातारी. मुले मोजे टांगून ठेवतात. शहाण्या मुलाच्या मोज्यात ती मिठाई घालते, व्रात्य मुलाच्या मोज्यात कोळसा. हल्ली हा कोळसाही साखरेचा असतो. ईशान्येच्या खेड्यांत त्या संध्याकाळी मोठाल्या होळ्या पेटवतात. धूर कोणत्या दिशेला जातो त्यावरून म्हातारी माणसे येणारे पीक कसे ते सांगतात. आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी असते, तोच प्रकार.

या म्हातारीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९७७ साली इटलीच्या सरकारने कामाचे दिवस वाढावेत म्हणून काही सणांच्या सुट्या रद्द केल्या. त्यात ६ जानेवारीची सुटीही गेली. कागदावरची सुटी गेली, पण मुलांनी मोजे टांगायचे काही सोडले नाही. शेवटी १९८५ च्या अखेरीस सरकारने ती सुटी परत दिली.

बैलाचा सण, गाईचे काम

शेतकऱ्याला सर्वांत जवळचा वाटेल असा सण १७ जानेवारीचा. त्या दिवशी सांत अंतोनियो या संताचा वार. हा गुराढोरांचा राखणदार. त्याची तसबीर गोठ्याच्या दारावर लावलेली असे आणि तिच्यात त्याच्या पायाशी एक डुक्कर. त्या दिवशी गाई, बैल, घोडे, मेंढ्या सजवून चर्चपुढे आणतात आणि पाद्री त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतो. रोममध्ये सेंट पीटरच्या भव्य चर्चसमोरही शेतकरी आपली जनावरे घेऊन येतात. या रात्री जनावरे माणसासारखी बोलतात अशी जुनी समजूत आहे. म्हणून रात्री गोठ्यात जायचे नाही, आणि आधी जनावरांना पोटभर घालायचे. न जाणो, मालकाविरुद्ध काही बोलतील!

आपल्या जिल्ह्यात बेंदराला शिंगे रंगवतो, झूल घालतो, पुरणपोळीचा घास बैलाला देतो. देव वेगळा, देश वेगळा, पण मुक्या जनावराचे उपकार फेडायचा दिवस दोन्हीकडे आहे.

दुधाच्या धंद्याला मात्र सण नसतो. उत्तरेकडे पो नदीच्या खोऱ्यात मोठमोठे गोठे आहेत. तिथल्या दुधाचे पार्मा भागातले कडक चीज जगभर जाते. या गोठ्यांत गेल्या काही दशकांत आपले पंजाबी बांधव मोठ्या संख्येने राबत आहेत. नाताळच्या सकाळीही धार काढावी लागते आणि त्या दुधाचे चीज त्याच दिवशी करावे लागते. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाआधी किटली घेऊन डेअरीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या कोल्हापूरच्या माणसाला हे पक्के ठाऊक आहे.

सणाची दुसरी बाजू

एवढे वाचून तुम्हाला वाटेल, शेतकऱ्याला सुखच सुख होते. तसे नव्हते. तोस्कानातली बरीच जमीन जमीनदारांची. कसणारा कुळवाडी निम्म्या वाट्याने कसायचा. निम्मे पीक मालकाच्या घरी. शिवाय करारातच लिहिलेले असे की नाताळला अमुक खच्ची कोंबडे आणि ईस्टरला अमुक अंडी मालकाकडे पोहोचवायची. म्हणजे नाताळच्या पंगतीतला चांगला कोंबडा वाढवायचा कुळवाड्याच्या बायकोने, आणि शिजायचा तो वाड्यावर.

त्याहून कठीण दिवस ११ नोव्हेंबरचा, सांत मार्तिनोचा. एकीकडे तो आनंदाचा, कारण नव्या द्राक्षांची दारू त्या दिवशी चाखायची आणि चेस्टनट भाजायचे. पण उत्तरेच्या मुलखात शेतीचे वर्षही त्याच दिवशी संपे. मालकाने करार पुढे चालवला नाही तर भांडी, गाद्या, कोंबड्या आणि लेकरे गाडीत घालून कुटुंब दुसऱ्या शेतावर निघे. आजही तिथे ‘सांत मार्तिनो करणे’ म्हणजे बिऱ्हाड हलवणे. आपल्याकडेही पुष्कळ भागांत सालगड्याचे साल पाडव्याला संपते. घरोघरी गुढी उभी राहते तेव्हा त्याच्या मनात नव्या सालाच्या बोलीची चिंता असते.

वाट्याची ही पद्धत इटलीत कायद्याने मोडली. १९६४ साली असे नवे करार करायला बंदी झाली आणि १९८२ च्या कायद्याने जुने करार खंडात बदलण्याची वाट मोकळी झाली. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन ज्यांच्या घरात आठवला जातो, त्यांना याचे मोल कळेल. स्वतःच्या कोंबड्याची पंगत स्वतःच्या घरी बसली, तेव्हा खरा नाताळ त्या घरात आला असे म्हणायला हवे.

वर्षाचे बाकी सण

ईस्टर हा येशूच्या पुनरुत्थानाचा सण. त्याची तारीख दरसाल बदलते, कारण ती चंद्रावर ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा. ही पौर्णिमा कधी आपल्या होळीची असते, पुष्कळदा चैत्राची. म्हणजे ज्योतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात त्याच सुमारास तिकडे ईस्टर.

फ्लॉरेन्समध्ये त्या दिवशी दोन-तीन मजली उंच लाकडी रथ पांढऱ्याशुभ्र बैलांकडून ओढत मोठ्या चर्चपुढे आणतात. बैलांच्या अंगावर फुलांची सजावट. चर्चच्या आतून तारेवरून एक कबुतराच्या आकाराचा बाण सुटतो, रथाला येऊन भिडतो आणि रथावरचे सगळे फटाके उडू लागतात. बाण अडथळ्याशिवाय गेला तर यंदा पीक चांगले, असा कौल. एवढ्या मोठ्या शहरात अजूनही कौल लावतात तो पिकाचा!

२५ एप्रिल हा १९४५ साली नाझी-फॅसिस्टांपासून सुटका झाल्याचा दिवस, आणि २ जून हा प्रजासत्ताकाचा. १९४६ साली त्या दिवशी झालेल्या मतदानात लोकांनी राजेशाही नाकारली. १५ ऑगस्टला आपला स्वातंत्र्यदिन, आणि त्यांची उन्हाळ्यातली मोठी सुटी. दोन हजार वर्षांपूर्वी ऑगस्टस बादशहाने सुगीनंतर विसाव्यासाठी ठरवलेल्या दिवसांवरून ती आली. नंतर मरियेचा सणही त्याच दिवशी आला.

२ नोव्हेंबर हा पितरांचा दिवस. आपण म्हाळ घालतो, ते कबरीवर फुले वाहतात. काही घरांत त्या रात्री मेजावर पितरांसाठी अन्नही ठेवीत. फुले वाहायची ती शेवंतीची. म्हणून इटलीत कोणाच्या घरी शेवंतीचा गुच्छ घेऊन जाऊ नये. तो अपशकुन मानतात.

याशिवाय प्रत्येक गावाचा एक संत, आपल्या ग्रामदैवतासारखा. त्याची मिरवणूक, बँड, दुकाने, शोभेची दारू. डोंगरातली कितीतरी गावे आता ओस पडली आहेत. तरुण कारखान्यांकडे आणि परदेशी गेले. वर्षभर कुलूप असलेली घरे गावच्या संताच्या सणाला आणि ऑगस्टात उघडतात. चंदगड, आजऱ्याच्या वाड्यांवर मुंबईकर आल्यावर जी घरे उजळतात, त्यांना ही गोष्ट नव्याने सांगायला नको. चार दिवस गाव भरते आणि पाचव्या दिवशी पुन्हा म्हातारा-म्हातारी उरतात. या गावांनी एक मात्र केले आहे. सण शहरात नेला नाही. माणसाला सणासाठी गावी यावेच लागते.

आपली माणसे तिथे

महाराजांनंतर इटलीत मोठ्या संख्येने मराठी माणसे गेली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४३ आणि १९४४ चे दोन्ही नाताळ हिंदी पलटणींनी तिथल्या थंडीत, चिखलात काढले. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर पराक्रम केला. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे आणि दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघेही खेड्यातून गेलेले तरुण. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने यशवंत घाडगे यांच्या नावे सूर्यघड्याळाचे स्मारक उभारले.

म्हणजे वाचकहो, या परक्या देशात आपल्या मातीची माणसे नदीकाठी विसावली आहेत, आणि तिथल्या लोकांनी त्यांची नावे जपली आहेत. आपल्या गावातल्या ख्रिस्ती घरून यंदा नाताळचे ताट आले तर त्यात करंजी असेल. त्या घरच्यांना नाताळच्या शुभेच्छा द्या. इटालियन भाषेत द्यायच्या तर ‘बुओन नाताले’ म्हणायचे. आणि घरात लहान मुले असतील तर त्यांना राजाराम महाराजांच्या छत्रीची गोष्ट जरूर सांगा. परक्याची रीत मानून त्याला निरोप देणाऱ्या लोकांची ती गोष्ट आहे.